‘वेगळ्या’ मुलांच्या गोष्टी : लिहिताना आणि सांगताना या चुका टाळा

मुलांच्या गोष्टींमध्ये एक साचा फार जुना आहे. कळपात, वर्गात किंवा घरट्यात कोणी एक जण इतरांसारखा नसतो. त्याला हिणवले जाते, तो एकटा पडतो, कधी घर सोडून निघून जातो, आणि अखेरीस त्याला आपली माणसे किंवा आपली जागा सापडते. मुलांसाठी लिहिलेली हस्तलिखिते वाचण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे आणि या साच्यातल्या काही गोष्टी मी स्वतःही लिहिल्या आहेत. त्या लिहिणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला कधी शंका आली नाही. तरीही त्यांतल्या कितीतरी गोष्टी ज्या मुलासाठी लिहिलेल्या असतात, नेमक्या त्याच मुलाच्या जिव्हारी लागतात आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

असे का होते हे शोधण्यासाठी मी एक साधी रीत वापरते. गोष्ट वाचून झाली की कागदावर दोन रकाने आखायचे. पहिल्या रकान्यात वेगळ्या मुलाला गोष्टीभर काय काय करावे लागले ते लिहायचे : रडणे, पळून जाणे, सराव करणे, पराक्रम करणे, आपल्याजवळचे काहीतरी देऊन टाकणे, क्षमा करणे. दुसऱ्या रकान्यात बाकीच्यांना काय करावे लागले ते लिहायचे. बहुतेक हस्तलिखितांत पहिला रकाना तळापर्यंत भरतो आणि दुसऱ्यात ‘टाळ्या वाजवल्या’ एवढी एकच नोंद होते. पुढे सांगितलेल्या चुका वरवर निरनिराळ्या दिसल्या, तरी त्यांतल्या बहुतेकींचे मूळ त्या रिकाम्या रकान्यात सापडते.

आपलेपणाला अट घालणे

सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारी चूक हीच. वेगळ्या मुलाला शेवटी जवळ केले जाते, पण ते सुंदर निघाले म्हणून, उपयोगी पडले म्हणून किंवा जिंकले म्हणून. हान्स क्रिश्चन अँडरसनची कुरूप पिल्लाची गोष्ट १८४३ साली कोपनहेगनमध्ये प्रसिद्ध झाली आणि मराठीत ती ग. दि. माडगूळकरांच्या गीतामुळे घराघरांत पोचली. पिल्लाला पाण्यात आपले प्रतिबिंब दिसते आणि आपण बदक नसून राजहंस आहोत हे कळते, हा शेवट आपल्या सर्वांना पाठ आहे. तो ऐकताना आनंद होतो यात शंका नाही. पण ज्या मुलाला पाण्यात डोकावल्यावर राजहंस दिसणार नाही, कालचेच तोंड दिसणार आहे, त्याच्या हाती या शेवटातून काय पडते? सुंदर होईपर्यंत वाट पाहा, मग तुला जागा मिळेल, एवढेच.

मूळ कथेत याहून पुष्कळ अधिक आहे, आणि संक्षिप्त आवृत्त्यांत नेमके तेच गळते. तिथली बदक-आई सुरुवातीला पिल्लाची बाजू घेते. त्याने कोणाचे काही वाईट केलेले नाही, असे सांगते. पुढे सगळ्यांच्या त्रासाने तीच आई हे पिल्लू कुठेतरी दूर असते तर बरे, असे म्हणू लागते. घर सोडलेले पिल्लू एका म्हातारीच्या झोपडीत येऊन पडते. तिथे एक मांजर आणि एक कोंबडी राहते. ही बदकी असेल तर अंडी देईल या आशेने म्हातारी त्याला तीन आठवडे ठेवून घेते. तुला अंडी घालता येतात का, असे कोंबडी विचारते. तुला पाठ उंचावून गुरगुरता येते का, असे मांजर विचारते. आणि दोन्ही उत्तरे नकारार्थी आल्यावर, मग तू गप्प बसायचे, असे त्याला बजावले जाते. पुढे कडाक्याच्या थंडीत ते तळ्यात गोठते आणि एक शेतकरी आपल्या लाकडी जोड्याने बर्फ फोडून त्याला बाहेर काढतो. अटीवर दिलेला आसरा आणि काहीही न विचारता दिलेला हात, असे दोन्ही अनुभव या गोष्टीत आहेत. गीताच्या मोजक्या कडव्यांत हे सगळे बसणे शक्यच नव्हते. पण गद्यात सांगताना, हाताशी वेळ असताना, आपण थेट प्रतिबिंबावर उडी मारली तर गोष्टीतला सर्वांत खरा भाग वाया जातो.

उपयोगी पडण्याची अट याहून फसवी असते, कारण ती न्याय्य वाटते. लाल नाकाच्या रुडॉल्फ या हरणाची गोष्ट रॉबर्ट एल. मे यांनी १९३९ साली शिकागोतील एका मोठ्या दुकानासाठी लिहिली आणि दुकानाने ती नाताळात पुस्तिका म्हणून फुकट वाटली. नाकामुळे ज्याला चिडवले गेले, त्याच्याच नाकाचा उजेड धुक्याच्या रात्री कामी येतो आणि तो सर्वांचा लाडका होतो. मुलांना ही गोष्ट आवडते, आणि आवडावी. मात्र एक प्रश्न उरतोच : त्या रात्री धुके पडले नसते तर? आपण लिहितो त्या गोष्टींत हे धुके कितीतरी रूपांनी येते. उंच मुलामुळे झाडावरचा पतंग निघतो, कमी दिसणाऱ्या मुलीला अंधारात वाट सापडते, अबोल मुलाच्या कानावर चोरांचा बेत पडतो. ज्या मुलाचे वेगळेपण कधीच कोणाच्या कामी येणार नाही, त्याच्यासाठी या सगळ्या गोष्टींचे दार बंदच राहते.

याच्या जवळजवळ त्याच काळातली, १९३६ सालची, फर्डिनांड या बैलाची गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. मन्रो लीफ यांनी ती लिहिली आणि रॉबर्ट लॉसन यांनी तिची चित्रे काढली. इतर खोंड धडका देत असताना फर्डिनांड झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. तो एकटा पडेल अशी काळजी त्याच्या आईला वाटते. ती त्याला विचारते, त्याचे म्हणणे ऐकते आणि त्याला तसाच बसू देते. पुढे माद्रिदच्या रिंगणातही तो बसूनच राहतो आणि शेवटी आपल्या झाडाखाली परत येतो. तो काही सिद्ध करत नाही. गोष्टीच्या शेवटी तो सुरुवातीला होता तसाच असतो, आणि त्याची जागाही तीच असते.

तुमच्या मसुद्यात ही चूक असेल, तर दुरुस्ती बहुधा प्रसंगांच्या क्रमाची असते. मुलाला कोणीतरी जवळ करण्याचा प्रसंग त्याचा गुण दिसण्याच्या आधी आणा. एकाच सवंगड्याने केले तरी पुरे, पण ते विनाकारण केलेले असावे. त्यानंतर त्या मुलाने खुशाल बक्षीस मिळवावे, गाव वाचवावे, सुंदर दिसावे. तो पराक्रम मग आनंदाचा भाग होतो. जागा मिळवण्यासाठी भरलेली किंमत तो राहत नाही.

बाकाचे डावे टोक

माझ्याच एका जुन्या मसुद्याचे उदाहरण देते. मनू डाव्या हाताने लिहिते. बाकावर तिच्या डावीकडे ईशा बसते. ईशाचा उजवा हात आणि मनूचा डावा हात सतत एकमेकांवर आपटतात. पहिल्या मसुद्यात ईशा तक्रार करते, वर्ग हसतो, मनू घरी जाऊन रात्री उशिरापर्यंत उजव्या हाताने गिरवत बसते, ते जमत नाही म्हणून रडते, आणि पुढे चित्रकलेच्या स्पर्धेत डाव्या हाताने काढलेल्या चित्राला पहिले बक्षीस मिळवते. शेवटच्या परिच्छेदात ईशा तिची माफी मागते. मला ही गोष्ट बरी वाटली होती. दोन रकाने भरले तेव्हा मनूच्या रकान्यात अकरा नोंदी झाल्या आणि ईशाच्या रकान्यात एक.

दुसऱ्या मसुद्यात स्पर्धा नाही. तो प्रसंग असा आहे :

मनूचे कोपर पुन्हा लागले आणि ईशाच्या ‘क’ला लांबलचक शेपूट फुटले. ईशाने वही उचलून पाहिली. मग तिने दोघींच्या कोपरांकडे पाहिले.
‘तू ना, इकडे ये,’ ती म्हणाली.
‘कुठे?’
‘इथे गं, माझ्या जागेवर. मी तिकडे सरकते.’
दप्तरे इकडची तिकडे झाली. मनूने पेन्सिल धरली. तिचे कोपर आता बाकाच्या बाहेर होते आणि तिथे आपटायला कोणीच नव्हते. ईशाने खोडरबरने शेपूट पुसले आणि ‘क’ पुन्हा काढला.

जगात साधारण दहांपैकी एक माणूस डावखुरा असतो, म्हणजे बहुतेक वर्गांत ही कोपरे रोज आपटत असतात. त्यावर उपाय एका वाक्याचा होता आणि त्यासाठी मनूला कणभरही बदलावे लागले नाही. हा भाग मी मुलांसमोर वाचला तेव्हा दोन मुले उठून शेजारी शेजारी बसली आणि हवेत लिहून कोपरे लागतात का ते पाहू लागली; मग त्यांनी जागा बदलून पुन्हा पाहिले. पहिल्या मसुद्याच्या वाचनात मुलांनी ‘बक्षीस काय मिळालं?’ एवढेच विचारले होते.

सगळेच वेगळेपण जागा बदलून सुटत नाही, हे मान्य आहे. पण लिहिण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : या मुलाला जो त्रास होतो, तो त्याच्या अंगच्या वेगळेपणामुळे होतो की भोवतालच्या मांडणीमुळे? उत्तर मांडणीकडे बोट दाखवत असेल, तर गोष्टीतली हालचालही तिकडेच व्हायला हवी.

शेवटी ‘बरे’ करून टाकणे

या चुकीची लाज मला अजून वाटते. अनेक वर्षांपूर्वी मी अडखळत बोलणाऱ्या मुलाची गोष्ट लिहिली होती. शेवटी तो धीर एकवटून व्यासपीठावर उभा राहतो आणि एकदाही न अडखळता भाषण करतो. ती वाचून एका आईने मला कळवले की तिच्या मुलाने पुस्तक मिटले आणि विचारले, ‘मग मला का नाही जमत?’ त्या प्रश्नाला माझ्या गोष्टीत एकच उत्तर होते : तू पुरेसा धीट नाहीस. ते उत्तर क्रूर होते, शिवाय खोटेही होते. अडखळणे बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होते. अनेक मुलांचे ते पुढे थांबते, काहींचे आयुष्यभर राहते. आणि त्याचा संबंध मेंदूतील प्रक्रियांशी व आनुवंशिकतेशी आहे, भित्रेपणाशी नाही.

त्यामुळे धैर्य, प्रेम किंवा मैत्री यांच्या जोरावर बोलणे सुधारले, पाय चालू लागला, ऐकू येऊ लागले, असा शेवट करू नका. त्या मुलाला भाषण करू द्यायचे असेल, तर अडखळत करू द्या आणि ऐकणाऱ्यांना थांबायला शिकवा. अडखळणाऱ्या माणसाला समोरच्याने आपले वाक्य पूर्ण करून टाकणे फार खुपते. म्हणून ‘तिने त्याचा शब्द त्यालाच उच्चारू दिला’ एवढी कृतीसुद्धा गोष्टीत मोठी घटना ठरू शकते. संवादात प्रत्येक वेळी ‘म-म-मला’ असे लिहिण्याचा मोहही टाळावा. अडखळणे अक्षरांच्या पुनरुक्तीपुरते नसते. कधी आवाज लांबतो, कधी शब्द घशातच अडून राहतो. शिवाय मोठ्याने वाचताना त्या ‘म-म’वर वर्गात हशा पिकतो. एकदा दाखवा, पुढे नुसते सुचवा. आणि अडखळणे वेगळे, बोबडे बोलणे वेगळे. हा घोळ हस्तलिखितांत वारंवार दिसतो.

वेगळेपण धूसर ठेवणे

‘ती इतरांसारखी नव्हती’ या वाक्यावर अनेक गोष्टी तग धरून असतात. कशी नव्हती, ते कोणीच सांगत नाही. वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतःला त्या जागी पाहता यावे, असा यामागचा विचार असतो, पण मुले तपशिलातून आत शिरतात. कानात यंत्र लावणाऱ्या मुलीची गोष्ट असेल, तर ते यंत्र गोंगाटही वाढवते, त्यामुळे भरलेल्या सभागृहात तिची दमछाक होते. पोहताना ते सहसा काढून ठेवावे लागते, म्हणून मागून मारलेली हाक तिला ऐकू येत नाही आणि मैत्रिणींना वाटते की ही मुद्दाम लक्ष देत नाही. या एका गैरसमजावर अख्खी गोष्ट उभी राहते. असे तपशील कल्पनेने सुचत नाहीत. ज्यांचे ते रोजचे जगणे आहे त्यांना विचारावे लागते आणि मसुदा त्यांना वाचायला द्यावा लागतो.

प्राण्यांच्या आडून माणसे

पक्षी, मासे आणि ससे घेऊन लिहिणे सोपे वाटते, कारण कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. पण इथे एक पेच आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. राजहंसाच्या पिल्लाची खरी जागा राजहंसांत, हे पक्ष्यांच्या बाबतीत कोणाला खटकत नाही. तीच गोष्ट मुलाने माणसांना लावली की तिचा अर्थ पालटतो : प्रत्येकाने आपल्यासारख्यांतच राहावे, दुसऱ्यांत त्याचे काही खरे नाही. लिहिणाऱ्याच्या मनातही नसलेला हा संदेश रचनेतून आपोआप बाहेर पडतो, आणि मुले रचना फार पटकन टिपतात. दत्तक घेतलेले मूल, दोन भाषांच्या घरातले मूल, नुकतेच दुसऱ्या शहरात आलेले मूल ही गोष्ट कशी ऐकेल, याचा विचार करून पाहावा. दत्तक मुलाला तर ती सरळ सांगते की तुझी खरी माणसे दुसरीकडे आहेत.

आपल्या भाषेत याला उत्तर देणारा एक पक्षी आहे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते आणि कावळे त्या पिल्लाला भरवून वाढवतात. म्हणूनच संस्कृतात कोकिळाला ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, असे नाव पडले. कावळ्याच्या लबाडीच्या आणि कोकिळेच्या चतुराईच्या कथा पुष्कळ आहेत. पण त्या घरट्यातल्या पिल्लाच्या बाजूने लिहायला घेतले, तर प्रश्नच बदलतो : मी कोणासारखा दिसतो, या प्रश्नाच्या जागी मला कोणी भरवले, हा प्रश्न येतो. त्या पिल्लाचा आवाज वेगळा निघणारच. त्याला त्याच्यासारखे गाणारेही कधीतरी भेटावेत. तरीही ज्या घरट्यात तो वाढला, ते घरटे खोटे ठरवण्याची गरज नसते.

‘आपली माणसे’ शोधायला घर सोडून जाणाऱ्या गोष्टींतही हे सांभाळावे लागते. काही मुलांना आपल्यासारखा दुसरा कोणी भेटणे ही खरोखर सुटका असते. वर्गात एकट्यानेच खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या मुलाला तसे बोलणारी दहा मुले भेटतात, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते मी पाहिले आहे. हा आनंद गोष्टीत यायलाच हवा. पण त्यासाठी आधीच्या जागेतल्या सर्वांना दुष्ट करू नका आणि परतीचे दार लावून घेऊ नका. मुलाला संध्याकाळी त्याच घरी, त्याच वर्गात परत जायचे असते.

दुःखाला वीस पाने आणि आपलेपणाला एक

चित्रमय पुस्तके बहुधा ३२ पानांची असतात, कारण छपाईत १६ पानांचा एक फॉर्म धरला जातो आणि असे दोन फॉर्म जोडले जातात. शीर्षकाची आणि श्रेयनामावलीची पाने वगळली, तर गोष्टीला बारा ते चौदा जोडपाने, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, मिळतात. आपला मसुदा या जोडपानांत वाटून पाहा. चिडवणे, एकटे पडणे, रडणे, पळून जाणे यांत दहा जोडपाने जातात, एकात चमत्कार घडतो आणि शेवटच्या पानावर ‘मग सगळे आनंदाने राहू लागले’ असे लिहिलेले असते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता मी हस्तलिखित शेवटाकडून वाचायला घेते.

त्रासाचे प्रसंग लिहायला सोपे असतात, कारण त्यांत आपोआप ताण असतो. आनंदाने राहणे म्हणजे नेमके काय, हे दाखवणे अवघड असते. पण मुलाला ते कधी पाहायलाच मिळाले नसेल, तर त्याला त्याचीच सर्वांत जास्त भूक असते. खेळात मागावी न लागता आपली पाळी येणे, कोणीतरी आपल्यासाठी जागा धरून ठेवणे, आपण दोन दिवस आलो नाही हे कोणाच्या तरी लक्षात येणे, आपल्याशी भांडण होणे आणि ते मिटणे, अशा साध्या प्रसंगांना निदान चार जोडपाने द्या. त्रासाचे तीन प्रसंग असतील तर त्यांतला एक ठेवा. तिसऱ्यांदा चिडवल्याने वाचणाऱ्याला नवे काही कळत नाही.

याच गडबडीत क्षमाही उरकली जाते. ज्यांनी महिनोन्महिने छळले, ते एका ओळीत माफी मागतात आणि मूल त्याच ओळीत हसून हात पुढे करते. छळ सोसलेल्या मुलाला अशी क्षमा म्हणजे आणखी एक गृहपाठ वाटतो. त्याला थोडा वेळ रागावून राहू द्या.

हिणवणारे नाव फार चांगले जमणे

एक अडचण अशी की, खलपात्राच्या तोंडी घातलेले टोपणनाव जितके चटकदार, तितके ते दुसऱ्या दिवशी मैदानावर ऐकू येते. यमक जुळलेले, ठेक्यात म्हणता येणारे चिडवणे लिहिताना हात रंगतो, पण आपण मुलांच्या हाती एक तयार हत्यार देत असतो, हे विसरू नये. नाव न लिहिता ते लागल्याचा परिणाम लिहा. ‘त्याने पुन्हा ते नाव घेतले आणि सोनू आपल्या बुटांकडे पाहू लागली’ एवढे पुरते. ते नाव कोणते, हे प्रत्येक मुलाला आपापल्या अनुभवातून ठाऊक असते.

हसणाऱ्या घोळक्याला एकच चेहरा देण्याची चूकही याच्या शेजारचीच आहे. ‘सगळे हसले’ असे लिहिले की दुसरा रकाना कायमचा रिकामा राहतो, कारण ‘सगळे’ काहीच करू शकत नाहीत. त्यांतला एक जण न हसलेला असू द्या, एक जण उशिरा हसलेला, एक जण घरी गेल्यावर अस्वस्थ झालेला. बहुतेक वाचक या घोळक्यातच बसलेले असतात आणि त्यांना स्वतःची खुर्ची ओळखू आली पाहिजे.

सांगताना होणाऱ्या चुका

चांगली गोष्टही सांगण्याच्या पद्धतीमुळे बिघडते. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे गोष्टीच्या मध्येच ‘बघ, अगदी तुझ्यासारखीच आहे की नाही?’ असे म्हणत एका मुलाकडे वळणे. तोवर ते मूल गोष्टीच्या आड सुखाने लपून ऐकत असते. आपण त्याला सर्वांसमोर ओढून उभे करतो. अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली लिहिलेल्या एका निबंधात पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे म्हटले होते. एखादी गोष्ट एका मुलाला आरसा असते तेव्हा त्याच खोलीतल्या इतरांना ती खिडकी असते, आणि कोण आरशात पाहत आहे हे जाहीर करण्याचा अधिकार सांगणाऱ्याला नसतो.

त्यासाठी निवडीचा नियमही पाळावा. नवे मूल वर्गात आले की त्याच आठवड्यात वेगळेपणाची गोष्ट काढू नका; कोणासाठी काढली ते सर्वांना लगेच कळते. अशा गोष्टी वर्षभर, इतर गोष्टींच्या जोडीने, कोणतेही निमित्त नसताना सांगाव्यात. त्या मुलाला साहसाच्या, भुताच्या आणि चोर-पोलिसांच्या गोष्टींतही आपल्यासारखे कोणीतरी भेटावे, जिथे त्याच्या यंत्राचा, कुबडीचा किंवा रंगाचा विषयच निघत नाही.

गोष्ट संपल्यावर ‘यातून आपण काय शिकलो?’ असे विचारले की मुले ठरलेले उत्तर देतात : कोणाला चिडवू नये. ते बरोबर असते आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी मधल्या एका जागी थांबून ‘आता कोणी काही करू शकला असता का?’ असे विचारून पाहा. म्हातारीच्या झोपडीपाशी थांबले असताना एका मुलीने मला सांगितले होते की, कोंबडीने नुसते ‘तुला काय येतं?’ असे विचारायला हवे होते, म्हणजे पिल्लाने पोहणे सांगितले असते. दुसरा मुलगा लगेच म्हणाला, ‘काहीच येत नसेल तरी राहू दे ना.’ दोघांचा वाद बराच वेळ चालला आणि मी मध्ये पडले नाही.

शेवटचे चित्र

पुस्तक छापायला जाण्याआधी चित्रे एकदा वेगळी काढून, मजकुराविना पाहावीत. मजकुरात सगळे नीट झालेले असते आणि शेवटच्या चित्रात ते मूल इतरांच्या खांद्यांवर बसलेले, मधोमध, सर्वांच्या नजरा त्याच्यावर, असे काढलेले असते. पहिल्या पानावर ते एका कोपऱ्यात वेगळे होते, शेवटच्या पानावर मध्यभागी वेगळे आहे. मी चित्रकारांना त्या मुलाला घोळक्यात सोडून द्यायला सांगते : डावीकडून सातवे, अर्धे कोणाच्या तरी मागे, शेजारच्याशी काहीतरी बोलत असलेले. मग पुस्तक हातात घेतलेले मूल पानावर बोट फिरवत त्याला शोधत बसते.